दत्तकाची परदेशवारी : कागद कुठे अडतो, कुठे अडायला हवा

रत्नागिरी तालुक्यातल्या मालगुंडमधलं एखादं मूल आज परदेशी दत्तक जायचं झालं, तर दत्तकाचा आदेश रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो. १ सप्टेंबर २०२२पूर्वी तो न्यायालयातून निघत असे. आदेश मान्य नसेल तर अपील बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांकडे. पण ही सही वाटेवरच्या शेवटच्या काही सह्यांपैकी एक. तिच्या आधी बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, राज्याची दत्तक यंत्रणा, दिल्लीचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे ‘कारा’ आणि मूल ज्या देशात जाणार तिथलं सरकार, एवढी दारं असतात. तिच्यानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा आणि पुढची दोन वर्षं प्रगती अहवाल.

इतके कागद कशाला, असं विचारणारे आहेत. इतके कागद असूनही खोटं मूल खऱ्या शिक्क्यानिशी बाहेर जातं कसं, असं विचारणारेही आहेत. दोघांकडे दाखवायला उदाहरणं आहेत. या वादाचं आज काय झालं आहे, कायदा कुठवर आला आहे आणि कुठल्या गाठी अजून सुटलेल्या नाहीत, हे इथे मांडायचं आहे.

जुनी गाठ

एका सत्तेखाली वैध झालेलं दत्तक दुसऱ्या सत्तेने मानायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे विमानांच्या कितीतरी आधीचा आहे. झाशीचे राजे नेवाळकर मूळचे याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याजवळच्या कोटचे. नोव्हेंबर १८५३मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी पारोळ्याच्या नेवाळकर शाखेतला आनंदराव दत्तक घेतला, तोच दामोदरराव. इंग्रज अधिकारी समक्ष हजर होते, कंपनीला रीतसर पत्र गेलं होतं. तरी गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्यापुरतं ते दत्तक अमान्य केलं. शास्त्रात उणीव नव्हती, कागदातही नव्हती. पलीकडच्याला मान्य करायचं नव्हतं.

दुसरं उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचं. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७मध्ये वारले. त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांमध्ये टिळक होते. जून १९०१मध्ये औरंगाबादला, म्हणजे निजामाच्या मुलखात, जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तविधान झालं. पुढे बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराजांनी ते नाकारून कोल्हापूरच्या बाळामहाराजांना पसंती दिली. टिळकांवर खोट्या साक्षीपर्यंतचे आरोप झाले, शिक्षा झाली, १९०४मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि दत्तकाचा दिवाणी निकाल प्रिव्ही कौन्सिलमधून १९१५मध्ये लागला. मांडीवर मूल दिलं की नाही, एवढ्या एका गोष्टीवर चौदा वर्षं गेली. घडलेली गोष्ट आणि तिचा पुरावा यांच्यातलं हे अंतर आजच्या फाइलमध्येही तसंच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५६मध्ये हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. बाकीच्यांना आणि परदेशी नागरिकांना उरला १८९०चा पालक व पाल्य कायदा. परदेशी जोडपं इथल्या न्यायालयातून पालकत्व घेई, मूल घेऊन जाई आणि आपल्या देशात जाऊन दत्तक घेई. म्हणजे मूल देशाबाहेर पडताना कोणाचाच मुलगा किंवा मुलगी नसे. तिकडे दत्तक झालंच नाही तर विचारणारं कोणी नव्हतं. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचा प्रयत्न १९७२मध्ये झाला. ते विधेयक १९७८मध्ये मागे घेतलं गेलं. १९८०मध्ये मुस्लिमांना वगळून दुसरं आलं, तेही पार पडलं नाही.

एका पत्राने घडवलेली व्यवस्था

आजच्या पद्धतीचा पाया संसदेने घातलेला नाही. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं: सामाजिक संस्थांच्या नावाखाली भारतीय मुलं परदेशी पाठवण्यात गैरप्रकार चालले आहेत. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. ६ फेब्रुवारी १९८४ला न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने दिलेल्या निकालात पुढची सगळी तत्त्वं सापडतात. मुलासाठी आधी देशातच घर शोधायचं. परदेशी दांपत्याने थेट अर्ज करायचा नाही, तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत यायचं. त्या संस्थेने घराची, मिळकतीची, स्वभावाची पाहणी करून अहवाल द्यायचा. जन्मदात्या आईला फेरविचाराला वेळ द्यायचा. न्यायालयाला मदत म्हणून तटस्थ छाननी संस्था असायची. मुंबई उच्च न्यायालयात हे छाननीचं काम इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअर करीत असे.

त्यातून १९९०मध्ये ‘कारा’ उभी राहिली. आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार १९९३चा. भारताने तो जून २००३मध्ये मान्य केला. २०००च्या बाल न्याय कायद्याने आणि २००६च्या दुरुस्तीने धर्म न पाहता दत्तकाची वाट खुली केली. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने मॅन्युएल डिसोझा प्रकरणात ख्रिस्ती दांपत्याचा दत्तकाचा हक्क मान्य केला होता, आणि २०१४मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वैयक्तिक कायदा काहीही म्हणो, बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेण्याची मुभा कोणालाही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या, आखाती देशांत पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला असलेल्या कोकणी मुस्लिम घरांना हा निकाल थेट लागू पडतो. पुढे २०१५चा नवा बाल न्याय कायदा आला, त्याच वर्षी ‘केअरिंग्ज’ ही ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली, ‘कारा’ला वैधानिक दर्जा मिळाला. २०२१च्या दुरुस्तीने न्यायालयाची जागा जिल्हाधिकाऱ्यांना दिली आणि सप्टेंबर २०२२ची दत्तक नियमावली त्यावर बसली.

एक फाइल, जवळून

संस्थेतल्या मुलाची फाइल दत्तक घेणाऱ्यांच्या अर्जाने सुरू होते असा अनेकांचा समज असतो. ती सुरू होते पोलीस ठाण्यात किंवा सरकारी दवाखान्यात. मूल कुठे सापडलं, किती वाजता, अंगावर काय होतं, कोणी पाहिलं, हा पहिला कागद. चोवीस तासांत मूल बालकल्याण समितीपुढे यायला हवं. मग वर्तमानपत्रात निवेदन. आपल्यापैकी प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं: जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या शेजारी, नीट न उठलेला एक छोटा फोटो, खाली वर्णन आणि नातेवाइकांनी ठरावीक मुदतीत संपर्क साधावा अशी विनंती. वाचणारे थोडे. पण मुलाच्या आयुष्यात ते निवेदन निर्णायक असतं, कारण ते छापून आलं, कोणी पुढे आलं नाही आणि पोलिसांनी पालक सापडत नसल्याचा अहवाल दिला, की समिती मूल दत्तकासाठी मुक्त जाहीर करते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी यात दोन महिने, मोठ्यासाठी चार महिने धरलेले आहेत.

आईने स्वतः मूल सोपवलं असेल तर वाट वेगळी. समितीसमोर समर्पणपत्र होतं आणि फेरविचाराला साठ दिवस असतात. ज्या आईला घरी कोणाला कळू द्यायचं नाही, तिच्यासाठी ते साठ दिवस म्हणजे काय, हे कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नसतं.

यानंतरचे दोन कागद हे फाइलचं हृदय. बाल अध्ययन अहवालात मूल काय खातं, कसं झोपतं, कोणाकडे झेपावतं, कशाला घाबरतं हे लिहायचं असतं. वैद्यकीय तपासणी अहवालात वजन, डोक्याचा घेर, रक्ताच्या चाचण्या. हजारो मैलांवरचं जोडपं हे दोन कागद आणि फोटो पाहून आयुष्याचा निर्णय घेतं. आधी मूल राखून ठेवायला मोजके तास, मग दोन्ही अहवालांवर सही करून कळवायला तीस दिवस. अहवाल ‘मूल चांगले आहे, सर्व काही खाते’ अशा तीन ओळींत उरकलेला असेल तर तीस दिवसांचा काही उपयोग नाही.

पलीकडच्या बाजूची फाइल वेगळ्या शिस्तीची. होम स्टडी म्हणजे घरपाहणीचा सविस्तर अहवाल, मिळकतीचे दाखले, पोलीस दाखला, वैद्यकीय दाखला, लग्नाचा दाखला, ओळखीच्यांची पत्रं. परदेशी कागदाला अपॉस्टिल म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षांकनाचा शिक्का लागतो. भारत त्या करारात २००५पासून आहे. मग हेग कराराच्या कलम ५ आणि १७ची पत्रं: हे पालक योग्य आहेत आणि हे मूल आमच्या देशात येऊन राहू शकेल, असं तिकडच्या सरकारने लिहून द्यायचं. त्यावर ‘कारा’चं ना हरकत प्रमाणपत्र. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, दोन महिन्यांत आदेश अपेक्षित. आदेशानंतर कलम २३चं प्रमाणपत्र. तो एक कागद हाती असला की करारातल्या इतर देशांनी दत्तक मानायलाच हवं. झाशीला जी गोष्ट मिळाली नाही ती एवढीच होती. पुढे नव्या पालकांच्या नावाचा जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट, व्हिसा. मूल तिकडे पोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, असे सहा अहवाल. परदेशी दत्तकासाठी संस्थेला द्यायची बालसंगोपन रक्कम ५,००० डॉलर ठरवून दिलेली आहे; याबाहेर देणगी घेता येत नाही.

अनिवासी भारतीय आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे (ओसीआय) कार्डधारक यांना मूल मिळण्याच्या क्रमात देशातल्या पालकांच्या बरोबरीने धरलं जातं. इतर परदेशी नागरिकांचा क्रम त्यांच्यानंतर.

कागद कमी करा

पहिली बाजू दत्तक घेऊ पाहणाऱ्यांची, आणि तिच्याशी सहमत असलेल्या काही संस्थांची. त्यांचं म्हणणं आकड्यांवर उभं आहे. ३० हजारांहून अधिक पालक नोंदणी करून थांबलेले. कायद्याने मुक्त झालेली मुलं त्या मानाने अगदी थोडी. लहान, निरोगी मुलासाठी तीन-साडेतीन वर्षं जातात. २०१०-११मध्ये देशांतर्गत ५,६९३ आणि परदेशी ६२८ दत्तकं झाली होती. २०२३-२४मध्ये ती ३,५६० आणि ४४९ होती. २०२४-२५मध्ये एकूण ४,५१५, त्यांतली ४,१५५ देशातच. देशातला आकडा सावरतो आहे, परदेशीचा आक्रसतो आहे.

या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा विशेष गरजा असलेल्या मुलांचा. हृदयाचं छिद्र, कमी ऐकू येणं, दुभंगलेला ओठ, किंवा केवळ वय सात-आठ वर्षं: अशा मुलांना देशात घर मिळणं अवघड जातं आणि परदेशी जाणाऱ्या मुलांत त्यांचं प्रमाण मोठं आहे. त्यांच्या बाबतीत प्रत्येक ‘त्रुटीची पूर्तता करावी’ म्हणजे लांबलेली शस्त्रक्रिया, वाया गेलेलं शाळेचं वर्ष. २०१३च्या स्टेफनी बेकर प्रकरणात पन्नाशी ओलांडलेल्या एका अविवाहित अमेरिकन स्त्रीला मोठ्या वयाची अनाथ मुलगी खालच्या न्यायालयांनी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ‘कारा’ने सर्व बाजू तपासल्या असताना अडवणूक नको, असं धरून परवानगी दिली. दत्तक सुलभ करावं यासाठीची टेम्पल ऑफ हीलिंग संस्थेची सर्वोच्च न्यायालयातली याचिका आणि २०२२चा संसदीय समितीचा पालकत्व व दत्तकविषयक अहवाल याच वाटेवरचे. संस्थांत असलेली पण मुक्त जाहीर न झालेली मुलं शोधून काढा, हा त्यांचा आग्रह रास्त आहे.

कागद घट्ट करा, नाहीतर थांबवा

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की उशीर हा दोष आहे, पण खोटेपणा हा गुन्हा आहे. तिच्याकडे पुरावे कमी नाहीत. आंध्र प्रदेशात १९९९ ते २००१च्या दरम्यान विकत आणलेल्या मुलांची प्रकरणं उघडकीला आली. चेन्नईच्या एका संस्थेतून चोरलेली मुलं खऱ्या कागदांवर परदेशी गेल्याचं २००५मध्ये पुढे आलं. पुण्याच्या प्रीत मंदिर या संस्थेवरच्या आरोपांचा तपास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१०मध्ये सीबीआयकडे गेला. सर्वांत एक गोष्ट समान: शेवटचे कागद चोख होते. मूल मुक्त कसं झालं, तिथेच खोट होती.

घेणारे देशही हादरले आहेत. नेदरलँड्सने २०२१मध्ये चौकशी अहवालानंतर परदेशी दत्तक स्थगित केलं आणि २०२४मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. डेन्मार्कची शेवटची दत्तक संस्था २०२४मध्ये कामकाज आवरू लागली. चीनने त्याच वर्षी मुलं देणं थांबवलं. अमेरिकेत २००४मध्ये सुमारे २३ हजार मुलं परदेशांतून दत्तक आली होती; २०२३मध्ये १,२७५. आपल्याशी सर्वांत जवळचा पुरावा स्वित्झर्लंडचा. झ्युरिक आणि थुरगाऊ या प्रांतांत १९७३ ते २००२ दरम्यान भारतातून गेलेल्या मुलांच्या फाइली इतिहास अभ्यासकांनी तपासल्या. २०२४मध्ये निघालेल्या त्या अभ्यासाचं शीर्षकच ‘आई अज्ञात’ अशा अर्थाचं आहे. तपासलेल्या फाइलींत जन्मदात्या आईचं संमतिपत्र नव्हतं, आणि तरी तिकडच्या अधिकाऱ्यांनी दत्तक मंजूर केलं होतं. जानेवारी २०२५मध्ये स्विस सरकारने परदेशी दत्तकावर बंदी आणण्याचा मनोदय जाहीर केला.

या बाजूतही दोन तट आहेत. एक म्हणतो, परदेशी दत्तक बंदच करा. दुसरा म्हणतो, बंदी घातली तर त्याचा भार विशेष गरजा असलेल्या मुलांवर पडेल. त्यापेक्षा सुरुवातीचे कागद तपासा. मला दुसरा तट अधिक पटतो, पण पहिल्याला भाबडा म्हणून मोडीत काढता येत नाही. ज्यांची फाइल खोटी निघाली ती माणसं आज चाळिशी-पन्नाशीची आहेत आणि स्वतः बोलत आहेत.

न्यायाधीश की जिल्हाधिकारी

हा वाद महाराष्ट्रातच पेटला. सरकारचं म्हणणं साधं होतं: न्यायालयात दत्तकाची प्रकरणं महिनोन्‌महिने पडून राहतात, जिल्हाधिकारी बाल संरक्षण यंत्रणेचे प्रमुख आहेतच, त्यांनीच आदेश द्यावा. विरोधकांचं म्हणणं: दत्तकाने वारसा, नाव, नातं बदलतं, हे न्यायालयीन काम आहे, आणि पूरनियंत्रणापासून निवडणुकीपर्यंत सगळं बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ही फाइल कुठे बसणार? बदल लागू झाल्यावर प्रलंबित प्रकरणांचं काय, यावर गोंधळ उडाला. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तात्पुरता तोडगा दिला की प्रलंबित प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे न पाठवता न्यायालयानेच निकाली काढावीत.

कोकणापुरतं बोलायचं तर मालगुंडच्या माणसाला न्यायालय काय आणि जिल्हाधिकारी कार्यालय काय, दोन्ही रत्नागिरीतच. अंतर वाचलेलं नाही. आदेश लवकर मिळू लागले, हा अनुभव अनेक जिल्ह्यांतून सांगितला जातो. पण परदेशी दूतावासांना न्यायालयाच्या हुकूमनाम्याची सवय होती. प्रशासकीय आदेशाचं वजन तिकडच्या न्यायालयांत पुढे कधी तपासलं गेलं, तर ते किती भरेल, हे अजून ठरायचं आहे.

घरातलंच मूल, पण साता समुद्रापलीकडे

केशवसुतांचं गाव म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या मालगुंडसारख्या गावात संस्थेतल्या मुलाचा प्रश्न क्वचित येतो. येतो तो भावाभावांतल्या दत्तकाचा. समजा, इथल्या धाकट्या भावाचं मूल न्यू जर्सीतल्या निपुत्रिक थोरल्या भावाला द्यायचं घरात ठरलं. मे महिन्यात सगळे जमतात. गुरुजी येतात, दत्तहोम होतो (१९५६च्या कायद्याला त्याची गरज नाही, मूल प्रत्यक्ष देणं-घेणं पुरतं), मुद्रांकावर दत्तकपत्र होतं, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी होते. नोंदलेल्या दत्तकपत्राला कायदा खरं मानून चालतो आणि झालेलं दत्तक मोडता येत नाही. इथवर सगळं बिनचूक. मग पासपोर्ट किंवा व्हिसाच्या खिडकीवर विचारणा होते: ‘कारा’चं ना हरकत कुठे आहे?

इथे कायद्यातलीच गाठ लागते. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५६च्या एका पोटकलमात म्हटलं आहे की हिंदू दत्तक कायद्याखालच्या दत्तकाला हा कायदा लागू नाही. लगेच पुढचं पोटकलम म्हणतं की सर्व परदेशी दत्तकं याच कायद्याने व्हायला हवीत. मग हिंदू कायद्याने घेतलेलं, पण परदेशी जाणारं मूल कुठल्या पोटकलमात बसवायचं? दत्तक नियमांच्या सप्टेंबर २०२१च्या दुरुस्तीने मधली वाट काढली: दत्तक हिंदू कायद्याने, मग जिल्हाधिकाऱ्यांचा पडताळणी अहवाल, त्यावर ‘कारा’चं ना हरकत. बाल न्याय कायद्याच्या वाटेने गेलं तर जन्मदात्या कुटुंबाचा अहवाल जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो, आदेश जिल्हाधिकारी देतात. त्या वाटेवर ‘नातेवाईक’ म्हणजे कोण, हेही ठरलेलं आहे: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभाऊ त्यात येत नाही. कोकणातल्या एकत्र कुटुंबाला चुलतभाऊ सख्ख्यासारखाच, पण कायद्याला तो परका.

आणखी एक पेच वयाचा. १९५६चा कायदा पंधरा वर्षांखालचं मूल म्हणतो, पण रूढी असेल तर मोठ्यालाही मुभा देतो, आणि महाराष्ट्रात तशी रूढी न्यायालयांनी मानलेली आहे. अमेरिकेचा व्हिसा मात्र सर्वसाधारणपणे सोळा वर्षांखालच्या मुलालाच. अठरा वर्षांचा पुतण्या इथे पुरता मुलगा होतो. तिकडे पुतण्याच राहतो. आखाती देशांत तर अडचण वेगळीच. संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार हेग करारात नाहीत, त्यामुळे कलम ५-१७ची पत्रं देणारं कोणी नाही. तिथल्या भारतीयांचं काम बव्हंशी भारतीय दूतावासामार्फत चालतं.

उलट दिशेचा प्रश्नही आता न्यायालयात येऊन गेला. पुण्याच्या दांपत्याला अमेरिकेत जन्मलेला, अमेरिकन नागरिक असलेला नात्यातला मुलगा दत्तक घ्यायचा होता. तो लहानपणापासून त्यांच्याकडेच राहत होता. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. परदेशी नागरिक असलेलं मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेलं किंवा कायद्याशी संघर्षात सापडलेलं नसेल तर आपला कायदा त्याला लागू नाही, आणि तसं दत्तक घेणं हा मूलभूत हक्कही नाही. आधी अमेरिकेत रीतसर दत्तक घ्या, मग इकडे या. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून आहे. पण मराठी कुटुंबं आज दोन खंडांत वाटलेली असताना हे प्रश्न वाढणारच, आणि त्यांच्यासाठी वेगळी तरतूद नाही.

मूल मोठं झाल्यावर

दत्तकाचा कागद कोणासाठी, याचं उत्तर पंचवीस-तीस वर्षांनी मिळतं. १९७३ साली पुण्याच्या एका संस्थेतून जर्मनीत गेलेल्या मुलाला मोठेपणी आपली फाइल बघण्यासाठी मुंबई उच्च न्यायालय आणि पुढे सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. आता नियमावली मुळाचा शोध घेण्याचा हक्क मान्य करते. संस्था, राज्य यंत्रणा, दूतावास यांनी मदत करायची. मात्र जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते उघड करायचं नाही, आणि त्रयस्थाला हा शोध घेता येत नाही. मुलाचा जाणण्याचा हक्क आणि आईचा झाकून ठेवण्याचा हक्क, दोन्ही खरे. सत्तरच्या दशकात ‘कोणाला कळणार नाही’ या शब्दावर सही केलेल्या बाईला आज सुना-नातवंडांच्या घरात पत्र येणं, हे नियमात बसलं तरी माणसात बसेलच असं नाही.

त्याहून रोकडी अडचण साठवणीची. ‘केअरिंग्ज’वरची नोंदणी २०१५पासून सक्तीची. त्याआधीच्या फाइली संस्थांच्या कपाटांत आहेत. काही संस्था बंद झाल्या, काहींची मान्यता गेली. कोकणातल्या चार पावसाळ्यांत कागदाचं काय होतं हे इथे कोणाला सांगायला नको. १८७५पासून मुलं सांभाळणाऱ्या पंढरपूरच्या बालकाश्रमासारख्या जुन्या संस्थांची दप्तरं हा केवळ कारकुनी ऐवज नाही, ती अनेकांच्या जन्माची एकमेव नोंद आहे. ती एका जागी आणून जपण्याची सक्तीची व्यवस्था व्हायला हवी.

आणि नागरिकत्व. १९८९मध्ये मुंबईतून अमेरिकेला दत्तक गेलेली एक मुलगी मोठेपणी एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर २००८मध्ये भारतात हद्दपार झाली. तिचं नागरिकत्वाचं काम दत्तक पालकांनी कधी पुरं केलंच नव्हतं. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही अशा शहरात ती उतरली. अमेरिकेने २००० साली कायदा करून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण २७ फेब्रुवारी २००१ला अठरा वर्षं पूर्ण झालेले त्यातून वगळले गेले. ती त्या वगळलेल्यांपैकी. आपले सहा प्रगती अहवाल दोन वर्षांत संपतात. नागरिकत्वाचा कागद त्यानंतर राहिला तर इथून बघणारं कोणी नाही.

अजून न सुटलेलं

कलम ५६मधली दोन पोटकलमं एकमेकांशी अजून पूर्ण जुळलेली नाहीत. २०२१ची वाट नियमांनी काढली आहे, कायद्याने नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांवर विभागीय आयुक्तांकडे झालेली अपिलं आणि त्यांचे निकाल एकत्र प्रसिद्ध होत नाहीत, म्हणून न्यायालयापेक्षा छाननी सैल झाली की घट्ट, यावर दोन्ही बाजू अंदाजानेच बोलतात. मुलाला मुक्त जाहीर करणाऱ्या समित्यांची पदं वेळेवर भरली जात नाहीत, ही तक्रार जुनी आहे.

चाळीस वर्षांतल्या सुधारणांकडे पाहिलं तर त्यांचा जोर फाइलच्या शेवटच्या टोकावर आहे: ना हरकत कोण देतो, आदेश कोण देतो, किती दिवसांत देतो. गैरप्रकार मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी पहिल्या टोकाला सापडले: पंचनामा, समर्पणपत्र, वर्तमानपत्रातलं निवेदन. शेवटचा कागद झटपट व्हायला हरकत नाही. पहिला झटपट होता कामा नये. त्या टोकावर माणूस, वेळ आणि पैसा सर्वांत कमी आहे.

घरात असं दत्तक ठरत असेल तर क्रम उलटा करू नका. आधी ज्या देशात मूल जाणार तिथल्या यंत्रणेकडे नोंदणी आणि घरपाहणी, मग रत्नागिरीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी, आणि दत्तकपत्राचा मुहूर्त त्यानंतर. गावाचं आणि माणसांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा. मूल संस्थेतून घेत असाल तर बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय अहवाल आणि समितीच्या आदेशाची प्रत मुलाच्या नावाने वेगळी जपून ठेवा. मूल विचारील तेव्हा ती त्याच्या हातात द्यावी लागेल.